कोंडवाड्यातलं पोस्ट

पोस्टात नोकरी केली असं सांगितलं, की शहरातली माणसं विचारतात, "कुठल्या पोस्टात?" मी म्हणतो, "कोंडवाड्यातल्या." ते हसतात, मीही हसतो आणि विषय संपतो. या अंकाच्या संपादकबाईंनी मात्र तो संपू दिला नाही. "कोंडवाड्याचं काय ते नीट लिहा, आणि नोकरीला कधी लागलात, निवृत्त कधी झालात हे कृपा करून लिहू नका," असं त्यांनी बजावलं. म्हणून ते लिहीत नाही. तसंही त्यात सांगण्यासारखं काही नाही.

आमचं हिवरदरा हे गाव पाथर्डी तालुक्यात, तिसगावहून डोंगराकडे आत. दसरा झाला की निम्मं गाव ऊसतोडीला जातं. मागे म्हातारी माणसं, शाळेतली पोरं, शेळ्या-म्हशी आणि पोस्ट एवढंच उरतं. मी या पोस्टाचा ब्रँच पोस्टमास्तर होतो. नाव भारदस्त आहे, पण आतली गोष्ट अशी, की खेड्यातला ब्रँच पोस्टमास्तर हा खात्याचा पुरता नोकर नसतो. काम दिवसातले काही तास. पोट भरायला स्वतःची शेती असावी लागते आणि पोस्टाला जागाही स्वतःच बघावी लागते. खातं शिक्का देतं, काटा देतं, लोखंडी पेटी देतं. भिंती आपल्या आपण आणायच्या.

सुरुवातीला भिंती आमच्याच होत्या. पोस्ट आमच्या ओसरीवर होतं. सकाळी टपालाची पिशवी आली, की गाव ओसरीवर जमायचं. पत्र एकाचं, ऐकायला दहा. पत्र ऐकून झालं की सगळे चहाची वाट बघत बसायचे. आमच्या मंडळींनी, म्हणजे सुमननं, हे काही वर्षं सोसलं. पुढे भावाभावांत वाटण्या झाल्या, ओसरी थोरल्या भावाकडे गेली आणि मी पोस्टासाठी जागा शोधू लागलो. तेव्हा चुलीपुढून आवाज आला, "तो कोंडवाडा रिकामाच पडलाय. तिकडं न्या. चहा तरी मागनार न्हाई कुनी."

ज्यांनी कोंडवाडा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. मोकाट जनावर दुसऱ्याच्या पिकात शिरलं, की ज्याचं पीक त्यानं ते हाकत आणायचं, तक्रार सांगायची आणि कोंडवाड्याच्या राखणदाराच्या ताब्यात द्यायचं. मग मालकानं स्वतः यायचं, पंचायतीचा दंड भरायचा आणि जनावर सोडवून न्यायचं. मालक येईपर्यंत वैरण-पाणी कोंडवाड्याचं. एवढाच कायदा. तो ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमचा कोंडवाडा दगडी होता. छातीएवढ्या भिंतीचं आवार, त्यात जनावरं बांधायच्या मेखा, पाण्याची हाळ, पुढे लोखंडी फाटक आणि कोपऱ्यात राखणदाराची पत्र्याची खोली. पंचायतीनं ठराव करून ती खोली पोस्टाला दिली. मी खूश होऊन खोली झाडली, भिंतींना चुना लावला, पाटी टांगली. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर फाटकाला कुलूप, आणि कुलपासमोर मन्सूरचाचा.

मन्सूरचाचा म्हणजे पंचायतीचे शिपाई आणि कोंडवाड्याचे राखणदार. उंच, काटक, पांढरी टोपी, आणि गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली किल्ली. ती किल्ली त्यांनी आंघोळीलाही काढलेली कुणी पाहिली नव्हती.

"चाचा, उघडा की. आता इथं पोस्ट झालंय."

"पोस्ट झालंय, पर कोंडवाडा बंद झाला असं ठरावात कुठं हाय?"

मी आठवून पाहिलं. खरंच नव्हतं. खोली देताना कोंडवाडा बंद करायचं पंचायतीला सुचलंच नव्हतं.

चाचांनी कुलूप काढलं. "तुमचं पोस्ट खोलीत. माझा कोंडवाडा आवारात. तुमी माझ्या कामात पडू नका, मी तुमच्यात पडत न्हाई."

असा आमचा संसार सुरू झाला. फाटक एकच. त्यातून टपाल आत यायचं, म्हशी आत यायच्या आणि पेन्शनवाल्या म्हाताऱ्याही. पाकिटं चिकटवायला मी कणकेची खळ करून ठेवायचो, ती एका शेळीला इतकी आवडली की ती वारंवार पिकात शिरून स्वतःला पकडून घेऊ लागली. निदान चाचांचं तसं म्हणणं होतं. पावसाळ्यात शेणाचा वास इतका असायचा, की शिक्क्याची शाईसुद्धा त्यात हरवून जायची. एका मुलीला बघायला आलेल्या पाहुण्यांना कुणीतरी "पोस्टाला लागूनच घर आहे" असं सांगितलं होतं. पाहुणे कोंडवाड्यापाशी येऊन थांबले, आत पाहिलं आणि बराच वेळ आपसांत कुजबुजत राहिले. लग्न झालं, पण सासरी तिला बरेच दिवस ऐकून घ्यावं लागलं.

पण खोटं कशाला बोलू, या शेजाराचा फायदाही झाला. आम्हाला दरवर्षी इतकी नवी खाती उघडा, असं वरून सांगून यायचं. इतर पोस्टमास्तर त्यासाठी वाड्या-वस्त्या पालथ्या घालायचे. मी खुर्चीतच बसायचो. म्हैस सोडवायला आलेला माणूस दंडाच्या पावतीची वाट बघत माझ्या खोलीबाहेर बसलेला असायचा. तो रिकामा, चिडलेला आणि दंडासाठी घरून पैसे घेऊन आलेला. यापेक्षा योग्य माणूस कुठे मिळणार? मी पाणी द्यायचो आणि सहज म्हणायचो, "दंड भरलेला पैसा गेला तो गेलाच. आरडीत टाकलेला मात्र परत येतो." आमच्या गावातली कितीतरी खाती अशी म्हशींमुळे उघडली आहेत. आमच्या शाखेचं काम चांगलं म्हणून मला वरून शाबासकीही मिळाली होती. त्यातली निम्मी चाचांची.

या कोंडवाड्याचा खरा उपयोग करून घेतला तो ठकूबाईनं. ठकूबाई एकटी राहायची. दोन्ही मुलं, सुना ऊसतोडीला. तिच्याकडे चंद्री नावाची म्हैस होती, कपाळावर पांढरा ठिपका असलेली. एका साली पाऊस दगा देऊन गेला आणि कडब्याचे भाव आभाळाला टेकले. तेव्हा ठकूबाईनं हिशेब मांडला. कोंडवाड्यात वैरण-पाणी पंचायतीचं, आणि दंड वैरणीपेक्षा कितीतरी स्वस्त. मग तिनं शेजारणीला पढवून ठेवलं, चंद्रीला तिच्या उजाड रानात सोडलं, आणि शेजारणीनं मोठ्यानं आरडाओरडा करत म्हैस कोंडवाड्यात आणून घातली.

"काय खाल्लं हिनं?" चाचांनी विचारलं. रानात पिकाची काडी नव्हती.

शेजारणीनं विचार केला. "बांदावरचं वाळलेलं गवात. लई खाल्लं."

तक्रार ती तक्रार. चाचांनी चंद्रीला बांधलं, पुढ्यात पेंढी टाकली. संध्याकाळी ठकूबाई आली, म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला आणि परत निघाली.

"आगं, सोडवून ने की," मी म्हणालो.

"वैरन-पानी पंचायतीचं हाय न्हवं? मग ऱ्हाऊ द्या चार दिस."

आठवड्याभरात सगळ्या गावाला ही युक्ती कळली. कोंडवाडा भरला. माझ्या दारातून आत यायला म्हाताऱ्यांना म्हशींच्या पोटाखालून वाकून यावं लागायचं. सरपंच चिडले, चाचांवर ओरडले. चाचांनी शांतपणे कायदा सांगितला. मालक येईपर्यंत वैरण-पाणी कोंडवाड्याचं. मालक कधी यावा याबद्दल कायद्यात काही नाही. त्या साली आमच्या गावातलं एकही जनावर बाजारात गेलं नाही, हे मी आजही अभिमानानं सांगतो.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. डोंगराच्या पलीकडे करंजवाडी नावाचं गाव आहे. त्यांचा आमच्या पोस्टावर फार दिवसांचा डोळा होता. त्यांच्याकडे स्लॅबची, फरशी घातलेली खोली तयार होती. त्यांनी वर अर्ज केला, की हिवरदऱ्याचं पोस्ट गुरांच्या कोंडवाड्यात असून नागरिकांची कुचंबणा होते. नागरिक कुठले तर करंजवाडीचे. पोस्ट तिकडे गेलं असतं तर आमच्या म्हाताऱ्यांना पेन्शनसाठी डोंगर उतरून-चढून किंवा तिसगावच्या रस्त्यानं जीपनं लांबचा वळसा घालून जावं लागलं असतं. करती पोरं ऊसतोडीला गेलेली असताना त्यांना कोण नेणार होतं? माझीही जागा गेली असती, कारण पोस्टमास्तरानं पोस्टाच्या गावातच राहायचं असतं, आणि करंजवाडीत राहायला जाण्यापेक्षा मी चंद्रीशेजारी बांधून घेतलं असतं.

एका हिवाळी सकाळी पोस्टाचे नवे इन्स्पेक्टर न कळवता आले. तरुण, इस्त्रीचा शर्ट, पॉलिश केलेले बूट. पाऊल टाकायला कोरडी जागा शोधत ते आत आले. आवारात चंद्री उभी होती. नेमकी.

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"म्हैस, साहेब."

"ते मला दिसतंय."

त्यांनी शिक्का पाहिला, पेटी पाहिली, काटा तपासला. सगळं जिथल्या तिथे होतं. शेवटी डायरी मिटून म्हणाले, "तुमचं काम चोख आहे. पण इथे पोस्ट ठेवता येणार नाही. करंजवाडीत खोली आहे. मी तसं लिहिणार."

मी काही बोलणार, इतक्यात साहेब बाहेर पडले आणि जागीच थांबले.

"माझी गाडी कुठे आहे?"

साहेबांनी मोटारसायकल सावली बघून कोंडवाड्याशेजारच्या लिंबाखाली लावली होती. ती सावली ठकूबाईच्या हरभऱ्याच्या वाफ्यावर पडत होती, आणि वाफा हिरवागार होता. ठकूबाईनं ते पाहिलं, चाचांना हाक मारली, आणि आम्ही आत शिक्के तपासत असताना दोघांनी मिळून ती गाडी ढकलत आवारात आणली होती. आता ती चंद्रीच्या बाजूला उभी होती. हँडलला दावं बांधून ते मेखेला पक्कं केलं होतं आणि पुढ्यात पाण्याची बादली होती. चंद्रीनं बादली संपवली होती आणि सीट चाटून लख्ख केली होती.

"हा काय प्रकार आहे?" साहेब ओरडले.

"पिकात शिरली हुती," चाचा म्हणाले. "तक्रार हाय. दंड भरा, पावती घ्या, घेऊन जावा."

"अहो, ती मोटारसायकल आहे!"

"हाय की. मी कुटं म्हैस म्हनतोय?"

"कोंडवाडा जनावरांसाठी असतो!"

चाचांनी शांतपणे विचारलं, "साहेब, हरबऱ्याला कसं कळावं, काय अंगावर आलंय ते?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे पाहिलं. मी चाचांच्या कामात पडत नव्हतो, तसा आमचा करारच होता.

दंड भरायला साहेब तयार झाले, पण पावती फाडणार कोण? सरपंच स्वतः ऊसतोडीचे मुकादम, ते टोळी घेऊन पार दूरच्या कारखान्यावर. ग्रामसेवकांकडे आणखी दोन गावं, त्या दिवशी ते त्यातल्या एका गावात. साहेबांनी मोबाईल काढला, तर रेंज नाही. रेंज फक्त देवळाच्या पारावर, तीही एका कोपऱ्यात उभं राहिलं तर. तिथून निरोप गेला, ग्रामसेवक संध्याकाळपर्यंत येतो म्हणाले. एस.टी. निघून गेली होती. करंजवाडीला पोस्ट द्यायला निघालेल्या साहेबांना आमच्या कोंडवाड्यात दिवस काढण्याशिवाय गत्यंतर उरलं नाही.

योगायोगानं तो पेन्शनचा दिवस होता. दुपारी म्हाताऱ्या येऊ लागल्या. एकीला दिसत नव्हतं, तिला दुसरी हाताला धरून आणत होती. दुसरीला ऐकू येत नव्हतं, तिला पहिली ओरडून सांगत होती. साहेब स्टुलावर बसून बघत होते. माझी घाई बघून त्यांनी न सांगता एकेकीचा अंगठा शाईला लावून द्यायला सुरुवात केली. हे मला फार आवडलं.

ठकूबाईचा नंबर आला. समोरचा माणूस कोण हे तिला ठाऊक नव्हतं. अंगठा देता देता ती म्हणाली, "ज्यानं माज्या हरबऱ्यात फटफटी घातली, त्याच्या ताटात मीठ न पडो."

साहेब खाली बघून म्हणाले, "आजी, ती गाडी माझी आहे."

ठकूबाईनं त्यांना खालपासून वरपर्यंत पाहिलं. मग विचारलं, "जेवलास का?"

"नाही."

"मग सांगायचं न्हाई व्हय?"

ती घरी गेली आणि फडक्यात बांधून बाजरीच्या भाकरी, लसणाचा ठेचा आणि पातळ भाजी घेऊन आली. साहेब पोटभर जेवले. भाजी दोनदा मागून घेतली. "कसली हो ही? फार चांगली झालीय."

"हरबऱ्याच्या पाल्याची," ठकूबाई म्हणाली. "तुज्याच फटफटीखाली मोडला त्यो. टाकून कशाला द्यायचा?"

साहेबांना जोराचा ठसका लागला. पाणी प्यायल्यावर ते इतके हसले, की चंद्रीनं मान वर केली. मग ठकूबाईनं स्वतःच विषय काढला. "पोस्ट तिकडं नेनार म्हनं कुनी. मी जायाची कशी रं तिकडं? पोरं तिकडं, मी हितं, आन् आता पोस्ट डोंगराच्या पल्याड. मला काय पंख हायेत?" साहेबांचं हसू थांबलं होतं.

संध्याकाळी ग्रामसेवक आले, पावती फाडली. जनावराचा प्रकार या रकान्यात त्यांनी थोडा विचार करून 'फटफटी, काळी' असं लिहिलं. साहेबांनी ती पावती घडी करून जपून पाकिटात ठेवली. जाताना मला म्हणाले, "मास्तर, जनावरं आणि माणसं एका दारानं येता कामा नयेत. तेवढं करा. मग बघू."

गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी मिळून ते केलं, असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही. पहार धरायला हात कुठे होते? पण खोलीची रस्त्याकडची भिंत पाडून तिथे दार बसवलं गेलं. चाचांनी पहार चालवली, मी दगड वाहिले, म्हाताऱ्यांनी माती कालवली आणि सल्ले दिले. पोस्टाला स्वतंत्र दार झालं, कोंडवाड्याला जुनं फाटक राहिलं. दोन्हींच्या मध्ये फक्त एक खिडकी.

साहेब पुन्हा तपासणीला आले ते रस्त्याकडच्या दारातून. खुर्चीत बसले, डायरी उघडली, आणि इमारतीबद्दल शेरा लिहायला पेन टेकवणार तोच खिडकीतून चंद्रीनं डोकं आत घातलं. तिनं साहेबांना ओळखलं असावं. निदान त्यांचा खांदा तरी चाटला. मी डोळे मिटून घेतले. काही वेळानं उघडले, तेव्हा साहेब लिहीत होते. त्यांनी लिहिलं होतं, 'इमारत हवेशीर आहे.' पोस्ट हिवरदऱ्यातच राहिलं.

माझी सगळी नोकरी त्याच खोलीत झाली. मी निवृत्त झाल्यावर पोस्ट नव्या पंचायत इमारतीत गेलं. तिथे मशीन आहे, फरशी आहे, रेंजही आहे. माझ्या जागी वैष्णवी नावाची मुलगी आली. ती दूरच्या जिल्ह्यातली. आता निवड मार्कांवर, ऑनलाइन होते. मुलगी हुशार आणि कामाला चपळ. तिला माझ्या मार्गदर्शनाची गरज नव्हती, म्हणून मी ते रोज देत होतो. सकाळी जायचो, तिच्या समोरच्या खुर्चीत बसायचो आणि आमच्या वेळी हे कसं करायचे ते सांगायचो. सुमन म्हणायची, "त्या पोरीला काम करू द्या जरा." मी म्हणायचो, "ती मला काका म्हणते." सुमन म्हणायची, "मनात काय म्हनती ते इचारा."

जुनी इमारत मागे राहिली. जनावरं मोकाट सुटायची बंद झाली होती. आता दारोदार जर्सी गाई, गोठ्यात बांधलेल्या, आणि भांडणं मोबाईलवर. ठकूबाई गेली, चंद्री तर तिच्याही आधी गेली. पण चाचा, पंचायतीतून निवृत्त होऊनही, रोज सकाळी फाटक उघडायचे, आवार झाडायचे आणि हाळ भरायचे. हाळेवर चिमण्या यायच्या. किल्ली अजून गळ्यात होती. कुणी मागितली नव्हती.

गेल्या साली नवा सरपंच संतोष माझ्याकडे आला. शाळेत असताना मी त्याची आरडी उघडली होती. म्हणाला, "मास्तर, जुनं पोस्ट पाडून व्यायामशाळा करतोय. तुमी त्या जागेचा इतिहास चार ओळीत लिहून द्या. पाटी लावू."

"चार ओळीत बसत नाही," मी म्हणालो.

"मग तीन ओळीत द्या."

ग्रामसभेत मी बोललो, पण व्यायामशाळेच्या विरोधात बोलणारा म्हातारा कसा दिसतो हे तुम्हाला ठाऊक आहे. ठराव झाला. संध्याकाळी मी कोंडवाड्यात गेलो. चाचा हाळेच्या काठावर बसले होते.

"मास्तर," ते म्हणाले, "घर हाय, लेकरं हायेत, नातवंडं हायेत. समदं हाय. पर सकाळी उठून मी जायाचं कुटं?"

मी त्यांच्या शेजारी बसलो. माझं घरही भरलेलं आहे, आणि मीही रोज सकाळी उठून त्या पोरीच्या समोरच्या खुर्चीत जाऊन बसत होतो ते काय उगीच? त्या खोलीत माझं अख्खं आयुष्य गेलं होतं. ती पाडणार म्हटल्यावर माझं कुणीतरी माणूस आजारी पडल्यासारखं मला झालं होतं.

जेसीबी आला त्या दिवशी मी नेहमीप्रमाणे नव्या पोस्टात वैष्णवीला लाखेचा शिक्का कसा मारायचे ते सांगत होतो. लाख आता कुणी वापरत नाही. दारात चाचा उभे राहिले.

"पोरी," त्यांनी माझ्याकडे बोट करून वैष्णवीला विचारलं, "हे रोज येतं का हितं?"

"हो, काका रोज येतात."

"तुज्या कामात शिरतं?"

तिनं ओठ दाबून धरले. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "शिरतात."

"तक्रार हाय?"

"आहे," ती म्हणाली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

चाचांनी माझं मनगट धरलं. ऐंशीकडे झुकलेल्या माणसाच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं. "अहो चाचा, हे काय," मी म्हणत होतो, पण पाय त्यांच्यामागे चालत होते. त्यांनी मला कोंडवाड्यात घातलं, फाटक लावलं, कुलूप घातलं आणि किल्ली गळ्यात टाकली. जेसीबीचा आवाज वळणावर आला तेव्हा मला सगळा उलगडा झाला. मी गुपचूप हाळेवर बसलो.

संतोष धावत आला. "चाचा, फाटक उघडा."

"आत जनावर हाय. मालक आल्याबिगर उघडत न्हाई."

"आवो, हे मास्तर हायेत! मानूस हाय!"

"फटफटी चालली, तवा कुनी इचारलं न्हाई."

गाव जमलं. माझी बाजू कुणी विचारली नाही. आत असलेल्याची विचारत नसतात. संतोषनं मला भिंतीवरून उडी मारायला सांगितलं. मी गुडघे दाखवले. कोंडवाडा बंद झाल्याचा ठराव आहे का, असं चाचांनी विचारलं. संतोष ग्रामसेवकाकडे बघू लागला. इमारत पाडायचा ठराव होता. कोंडवाडा बंद करायचं याही वेळी कुणाला सुचलं नव्हतं. जेसीबीवाला तासावर पैसे घेणारा, त्याला पुढे शेततळ्याचं काम होतं. तो सारखं घड्याळ बघत होता.

शेवटी संतोष म्हणाला, "जा रे, काकूंना घिऊन या. मालकीन तर त्याच हायेत. दंड मी भरतो."

सुमन आली. हात पिठाचे होते. तिनं फाटकाच्या गजांतून मला पाहिलं, चाचांना पाहिलं, मागे घरघरणाऱ्या जेसीबीला पाहिलं. मला वाटलं, आता माझी शोभा होणार. जन्मभर पोस्टाच्या नावानं बोटं मोडणारी बाई.

"काकू, तेवढं सोडवून न्या यांना," संतोष म्हणाला. "तुमी व्हय म्हनलं की झालं."

तिनं पदराला हात पुसले आणि चाचांना विचारलं, "वैरन-पानी कोंडवाड्याचंच हाय न्हवं?"

"कायदा हाय तसा," चाचा म्हणाले.

"मग ऱ्हाऊ द्या चार दिस."

आणि ती घरी निघून गेली. आधी म्हातारी माणसं हसली, मग संतोष हसला, आणि जेसीबीवाल्यानं गाडी वळवली. व्यायामशाळा आता शाळेमागच्या पडीक जागेत होते आहे.

हे लिहितो आहे ते कोंडवाड्यातच बसून. दुपारची भाकरी घरून येते, चहाही येतो, दोन कप. त्यातला एक चाचांचा. सुमननं अजून मला सोडवलेलं नाही.